संशोधकाच्या निबंधांची यादी वाचताना

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची असल्याने शेती-सल्ला आणि इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. अणू व रेणू भौतिकशास्त्रातले संशोधन म्हणजे काय आणि ते करणाऱ्या माणसाचे काम बाहेरच्याने कसे जोखावे, हा तो विषय. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत, गावे तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : माझी भाची पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली असून तिला अणू व रेणू भौतिकशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. तिने मनात धरलेल्या मार्गदर्शकांची माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. तीत दीडशेच्या आसपास शोधनिबंध, आणि पुढे ‘सायटेशन’ व ‘एच-इंडेक्स’ असे आकडे आहेत. आमच्या घरात या क्षेत्रातले कोणी नाही. वावर घ्यायचे असले तर सातबारा चार जाणत्यांना दाखवता येतो. ही यादी कोणाला दाखवावी?
(सेवानिवृत्त शिक्षक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आकड्यांचा अर्थ आधी सांगतो, कारण तो अवघड नाही. सायटेशन म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या निबंधात या निबंधाचा केलेला उल्लेख. एखाद्याचे २० निबंध असे असतील की त्या प्रत्येकाचा किमान २० वेळा उल्लेख झाला आहे, आणि किमान २१ वेळा उल्लेख झालेले २१ निबंध निघत नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स २० धरतात. ही मोजणी जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवली. नेमणुका करणाऱ्यांना ती इतकी सोयीची वाटली की आता प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे ती दिसते. तिच्यातली मेख अशी की हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, तो कधी खाली येत नाही. म्हणून साठीतल्या प्राध्यापकाचा आकडा पस्तिशीतल्या प्राध्यापकाहून मोठा असण्यात फारसे नवल नसते. शिवाय निबंध व त्यांचे उल्लेख नोंदवणाऱ्या गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तीन ठिकाणी एकाच माणसाचे आकडे वेगवेगळे निघतात आणि त्यांत गूगल स्कॉलरचा सहसा सर्वांत मोठा असतो. दोघांची तुलना करायचीच असेल तर एकाच ठिकाणचे आकडे घ्यावेत.

हा आकडा निबंधांच्या संख्येच्या वर जाऊच शकत नाही, ही त्याची दुसरी खोट. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातून आइन्स्टाइन यांना एक छोटा निबंध पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून ‘झाइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’ या नियतकालिकात छापायला दिला. छापील पाने चार भरली. बोस यांची मोजणीची रीत घेऊन आइन्स्टाइन यांनी पुढे भाकीत केले की काही जातींचे अणू पुरेसे थंड केले तर ते एकाच अवस्थेत गोळा होतील. हे भाकीत अमेरिकेत बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी १९९५ मध्ये रुबिडियमच्या अणूंवर खरे करून दाखवले, आणि २००१ चे नोबेल त्या दोघांना व वोल्फगांग केटर्ले यांना मिळाले. बोस यांच्या साऱ्या निबंधांची यादी छोटी आहे. आजच्या एखाद्या छाननी समितीपुढे ती आली असती तर पहिल्याच फेरीत बाजूला पडली असती, असे माझे मत आहे. अर्थात वर्षानुवर्षे काहीच न लिहिता बोस यांचे नाव पुढे करणारेही असतात, आणि हे उदाहरण त्यांच्या बचावासाठी दिलेले नाही.

तेव्हा भाचीबाईंनी आकडे बाजूला ठेवून मथळे वाचावेत. या क्षेत्रातला एक नेहमीचा मथळा घ्या : ‘इलेक्ट्रॉनच्या आघाताने मिथेनच्या रेणूचे आयनीभवन’. यात तीन गोष्टी आहेत. आदळणारा कण इलेक्ट्रॉन आहे, ज्याच्यावर तो आदळतो तो मिथेनचा रेणू आहे, आणि आघातातून रेणूचा एखादा इलेक्ट्रॉन सुटून जाण्याची शक्यता किती, हे मोजलेले आहे. ही शक्यता क्षेत्रफळाच्या एककात सांगतात आणि तिला क्रॉस-सेक्शन म्हणतात. आता त्याच यादीत पुढच्या वर्षी मिथेनच्या जागी अमोनिया, त्यापुढच्या वर्षी पाणी, मग आणखी एखादा रेणू, आणि गणिताची रीत मात्र तीच, असे दिसले तर यादी लांब का झाली ते कळते. असे काम निरुपयोगी नसते. वरच्या वातावरणाचा किंवा प्लाझ्माचा (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूचा) अभ्यास करणाऱ्यांना हे आकडे लागतातच. पण दहा वर्षांत रीत सुधारली का, आधीच्या गणिताचा प्रयोगाशी मेळ बसत नव्हता तिथे तो बसवण्याचा प्रयत्न झाला का, हे पाहिल्याशिवाय दीडशे या संख्येला अर्थ नाही. पाच वर्षे तुमची भाची नेमके काय करणार आहे, ते याच मथळ्यांवरून कळेल.

दुसरी गोष्ट, मार्गदर्शक गणित करणारे आहेत की प्रयोग करणारे, हे आधी पाहावे आणि मगच तुलना करावी. लेझरने अणू थंड करायचे किंवा आयन (विद्युतभारित अणू) विद्युतक्षेत्रात अडकवून ठेवायचे तर आधी निर्वात कक्ष उभा करावा लागतो, ज्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असावा लागतो. असा कक्ष जोडणे, त्यातल्या गळती शोधणे, तो तापवून भिंतींना चिकटलेले पाणी काढून टाकणे आणि लेझरची तरंगलांबी स्थिर ठेवणे यांतच काही वर्षे जातात आणि त्या काळात छापण्याजोगे हाती काहीच नसते. नवी प्रयोगशाळा उभारणाऱ्या तरुण प्राध्यापकाच्या यादीत चार वर्षांची पोकळी दिसली तर तिचा अर्थ आळस असा लावू नये. प्रयोग करणाऱ्याचे पंधरा निबंध कधीकधी गणित करणाऱ्याच्या साठ निबंधांइतके कष्टाचे असतात.

तिसरी गोष्ट, यादीत एखादा प्रश्न सातत्याने धरलेला दिसतो का? सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. सुरुवातीला तीत व्हायोलिन, तबला, मृदंग यांच्या कंपनांवरचे निबंध आहेत. १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना समुद्राच्या निळाईने त्यांचे लक्ष वेधले, आणि तेव्हापासून द्रवांमधून प्रकाश कसा विखुरतो हा विषय यादीत ठाण मांडून बसतो. १९२३ मध्ये त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून वेगळा, अगदी फिका प्रकाश दिसला. द्रवातल्या अशुद्धीमुळे तो येत असावा असे तेव्हा समजले गेले. १९२५ मध्ये के. एस. कृष्णन यांनाही तेच आढळले. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही तो प्रकाश जाईना, आणि अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी तो परिणाम खुद्द रेणूंचाच आहे हे स्पष्ट झाले. ३१ मार्चच्या ‘नेचर’मध्ये रामन आणि कृष्णन या दोघांच्या नावाने टिपण आले आणि १९३० चे नोबेल रामन यांना मिळाले. केवळ १९२८ चे टिपण वाचणाऱ्याला हे काम अचानक झाल्यासारखे वाटेल. यादी वाचणाऱ्याला मागची सात वर्षे दिसतात.

लेखकांच्या नावांचा क्रमही पाहावा. या क्षेत्रात साधारणपणे पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे, बहुतेक वेळा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे असते आणि शेवटचे नाव गटप्रमुखाचे. मार्गदर्शकांच्या अलीकडच्या निबंधांत पहिली नावे विद्यार्थ्यांची असतील तर ते चांगले लक्षण समजा. सगळीकडे पहिले नाव मार्गदर्शकांचेच असेल तर चौकशी करा. रामन यांच्याच प्रयोगशाळेत ॲना मणी यांनी हिऱ्यांच्या वर्णपटांवर (त्यांच्या प्रकाशातल्या रंगांच्या मांडणीवर) काम केले आणि १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावावर पाच निबंध छापले, तरीही एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. पुढे पुण्यात हवामान खात्याची उपकरणे देशात घडवण्याचे मोठे काम त्यांनी केले.

राहिला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी मार्ग. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ सर्वांना मोफत खुले आहे आणि भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तेथे ठेवलेले असतात. मार्गदर्शकांचे नाव टाकून त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडावेत. आधी ऋणनिर्देश वाचावा, कारण कोणी कोणाला खरोखर शिकवले हे तिथे नकळत लिहिले जाते. मग एकाच गटातल्या दोन प्रबंधांचे पहिले प्रकरण शेजारी ठेवून ते शब्दशः सारखे आहे का ते पाहावे. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. भाचीचा क्रमांक त्यांत कितवा आहे हे विचारायला संकोच नको. आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाला तरी फोन करावा.

प्रश्न : आमच्या गावात अणू म्हटले की लोक बॉम्ब किंवा वीजकेंद्र समजतात. या शाखेचा त्यांच्याशी संबंध आहे का?
(बारावीचा विद्यार्थी, देवरी, जि. गोंदिया)

उत्तर : फारच थोडा. बॉम्ब आणि अणुवीज यांची ऊर्जा अणूच्या गाभ्यातून, म्हणजे अणुकेंद्रकातून येते आणि तो अभ्यास केंद्रकीय भौतिकशास्त्राचा. अणू व रेणू भौतिकशास्त्राचे लक्ष गाभ्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनांवर, अणूंनी मिळून रेणू कसा बांधला यावर, आणि त्यांच्यावर प्रकाश किंवा दुसरा कण पडला की काय होते यावर असते. ऊर्जेचा फरक पाहा : हायड्रोजनच्या अणूतून त्याचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) लागतात, तर युरेनियमचे एक केंद्रक फुटले की सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात. लहान ऊर्जेचे हे शास्त्र मोजमापाच्या अचूकतेत मात्र फार पुढे आहे. १९६७ पासून एक सेकंद ही मुदत सीझियम-१३३ या अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर ठरवली जाते.

प्रश्न : सरकारी पैशांवर लोक वर्षानुवर्षे एका अणूचा प्रकाश मोजत बसतात असे वाचले. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचे काय?
(शेतकरी, रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : तुमच्याकडे जमीन आरोग्य पत्रिका असेल तर ती जवळ घ्या. तिच्यावर बारा बाबी असतात. त्यांतले जस्त, लोह, मंगल (मँगनीज) आणि तांबे यांचे आकडे बहुतेक प्रयोगशाळांत ज्या यंत्रावर काढतात त्याला ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात. त्याचे काम असे चालते. चाळलेली १० ग्रॅम माती २० मिलिलिटर डीटीपीए द्रावणात (मातीतली ही द्रव्ये ओढून घेणाऱ्या रसायनात) दोन तास हलवून गाळून घेतात. हे गाळलेले पाणी बारीक फवाऱ्याने ॲसिटिलिनच्या ज्योतीत सोडले की उष्णतेने त्यातल्या जस्ताचे अणू सुटे होतात. ज्योतीच्या एका बाजूला एक दिवा असतो, आणि त्याच्या आत जस्ताचीच पोकळ कांडी असल्याने तो नेमका जस्ताच्या अणूचाच प्रकाश देतो, २१३.९ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. ज्योतीतले जस्ताचे अणू तो प्रकाश शोषतात, लोहाचे किंवा तांब्याचे अणू त्याला सहसा हात लावत नाहीत. पलीकडे प्रकाश किती कमी पोहोचला यावरून जस्त किती ते निघते. ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भागाच्या) खाली आकडा आला की जस्ताची कमतरता धरतात आणि झिंक सल्फेटची शिफारस होते.

प्रत्येक मूलद्रव्याचा अणू ठरावीक रंगाचाच प्रकाश देतो आणि शोषतो, हे किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी जर्मनीत १८६० च्या सुमारास दाखवले. त्यानंतर शंभरेक वर्षे रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्ये ओळखताना अणूंनी बाहेर टाकलेला प्रकाशच मोजत राहिले. ॲलन वॉल्श हे ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत होते. त्यांच्या कामाच्या यादीत दोन वेगळे धागे आहेत : आधी इंग्लंडमध्ये धातूंच्या अणूंनी टाकलेल्या प्रकाशाचे मोजमाप, आणि मेलबर्नला आल्यावर रेणूंनी शोषलेल्या अवरक्त प्रकाशाचे मोजमाप. दोन्हींत हात घातल्यामुळेच त्यांना १९५२ मध्ये प्रश्न पडला की रेणूंच्या बाबतीत आपण शोषण मोजतो, मग अणूंच्या बाबतीत का मोजत नाही? १९५५ मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि आज जगभर माती, पाणी, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ही रीत रूढ आहे. किर्चहॉफ यांना जस्ताच्या कमतरतेची कल्पना असण्याचे कारण नव्हते. तेव्हा कोणत्या संशोधनाचा पैसा वाया गेला हे त्याच दशकात ठरवू नये, एवढेच म्हणता येईल. तुमचा रोष नमुना देऊनही अहवाल वेळेवर हाती न येण्यावर असेल तर तो रास्त आहे, पण तो दोष शास्त्राचा नाही.

प्रश्न : लग्नापूर्वी माझे रेणूंच्या वर्णपटावरचे चार निबंध माहेरच्या नावाने छापून आले. नंतरचे निबंध सासरच्या नावाने आहेत. पदोन्नतीच्या वेळी शोध घेतला तर निम्मेच काम दिसते. काय करावे?
(सहायक प्राध्यापिका, वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : ही अडचण तुमच्या एकट्याची नाही आणि ती केवळ लग्नानेच येते असेही नाही. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. एका निबंधात तिन्ही पूर्ण, दुसऱ्यात दोन आद्याक्षरे आणि आडनाव, तिसऱ्यात मधले नाव गळलेले, अशी गत होते. वानखडे हे आडनाव रोमन लिपीत कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने, शेवटी कोणी ए लावतो, कोणी ई. संगणकाला ही सगळी वेगवेगळी माणसे वाटतात.

उपाय म्हणजे ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक. हा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून दिला जातो, मोफत मिळतो आणि नाव बदलले तरी बदलत नाही. तुमच्या नोंदीत माहेरचे नाव ‘इतर नावे’ या रकान्यात लिहा, चारही जुने निबंध त्यांच्या डीओआय क्रमांकाने (प्रत्येक निबंधाला मिळणाऱ्या कायमच्या क्रमांकाने) जोडून घ्या, आणि यापुढे निबंध पाठवताना हा क्रमांक द्या. स्कोपसमध्ये तुमच्या नावाच्या दोन नोंदी तयार झाल्या असतील तर त्या एकत्र करण्याचा अर्ज तेथेच ऑनलाइन करता येतो. पदोन्नतीच्या अर्जासोबत नावबदलाच्या राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला लावून, कोणता निबंध कोणत्या नावाने आहे याचे एक पानी निवेदन जोडा. आणि अजून लग्न न झालेल्या तुमच्या विद्यार्थिनींना सांगा की पहिला निबंध ज्या नावाने छापला त्याच नावाने पुढेही लिहिता येते. घरात व रेशनकार्डावर नाव बदलले म्हणून निबंधावर बदलण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

प्रश्न : ‘तीन दिवसांत शोधनिबंध छापून देऊ, शुल्क अमुक’ असे मेल रोज येतात. छापावे का?
(संशोधक विद्यार्थी, मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. शुल्क घेणे हाच काही दोष नव्हे. नामांकित नियतकालिकेही निबंध सर्वांना खुला ठेवण्यासाठी शुल्क घेतात. पण तीन दिवसांत त्या विषयातल्या कोणी निबंध तपासलेला असणे शक्य नाही. पूर्वी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची केअर यादी पाहून निर्णय करता येत असे, ती यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता तारतम्य आपणच ठेवायचे आहे. तुमच्या प्रबंधात ज्या नियतकालिकांचे संदर्भ वारंवार येतात तिथेच निबंध पाठवा. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, तेवढे संशोधन कक्षात विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा, ग्रेटिंग आणि जुना स्पेक्ट्रोमीटर एवढेच आहे. इथे राहून या विषयात संशोधन होईल का?
(अधिव्याख्याता, जळगाव जामोद, जि. बुलढाणा)

उत्तर : त्या साहित्यावर सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा विद्यार्थ्यांना नीट दाखवता येतील, नवे संशोधन मात्र होणार नाही. गणिताचे काम होऊ शकते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने अणूंच्या वर्णपटाची भरपूर माहिती मोफत ठेवली आहे, छपाईपूर्वीचे निबंध अर्काइव्ह या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि अणूंची रचना काढणाऱ्या अनेक संगणक प्रणाली चांगल्या डेस्कटॉपवर चालतात. प्रयोगच करायचा असेल तर इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र प्रकाश मिळवणारी यंत्रे) आहेत आणि दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आयनांचे झोत मिळतात. दोन्ही ठिकाणी विद्यापीठांतल्या व महाविद्यालयांतल्या शिक्षकांना प्रस्ताव पाठवून यंत्राचा वेळ मागता येतो, आणि इंदूर तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे. पहिला प्रस्ताव एकट्याने न पाठवता तेथे आधी काम केलेल्या एखाद्या गटाबरोबर पाठवा. कोणता रेणू, कोणत्या ऊर्जेचा प्रकाश आणि काय मोजायचे, हे त्यात पहिल्याच परिच्छेदात यावे.